विश्लेषण : हरलेल्या मुलाला आपण काय ऐकवतो?

‘मानसिकदृष्ट्या कणखर हो’ असे खेळणाऱ्या मुलांना उठताबसता सांगितले जाते. हा कणखरपणा येतो कुठून, याचा विचार मात्र प्रशिक्षक, पालक आणि क्रीडा संघटना क्वचितच करतात. मुलांच्या मनाची जबाबदारी मुलांवरच टाकून मोठी माणसे मोकळी होतात आणि त्याची किंमत मैदान सोडून जाणारी मुले मोजतात.

३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला क्रिकेट विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. ऑस्ट्रेलियाने दिलेले ३३९ धावांचे लक्ष्य भारताने गाठले आणि मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७ धावा करून परतली. सामन्यानंतर ती आपल्या फटक्यांपेक्षा आपल्या मनाबद्दल अधिक बोलली. स्पर्धेच्या सुरुवातीला चिंतेने ग्रासले होते, आईला फोन करून रडत होते, मध्येच संघातून वगळले गेले, सहकारी शेजारी येऊन बसल्या म्हणून निभावले, असे तिने सगळ्यांसमोर सांगितले. देशाने तिचे कौतुक केले, ते योग्यच होते.

जेमिमा तेव्हा २५ वर्षांची होती. तिच्यामागे घर होते, संघ होता, आंतरराष्ट्रीय क्रिकेटचा अनेक वर्षांचा अनुभव होता. तालुक्याच्या मैदानावर निवड चाचणीच्या आदल्या रात्री ज्याला झोप येत नाही, त्या १३ वर्षांच्या मुलाने हेच कोणाला सांगायचे? सांगितलेच तर बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेले असते. ‘घाबरतोस काय? मन घट्ट कर.’ मन घट्ट कसे करायचे, हे मात्र कोणी शिकवत नाही. धावपट्टीवर सुरुवात कशी घ्यायची, चढाईत पाय कसा टाकायचा, हे शिकवायला प्रशिक्षक असतो. भीतीचे काय करायचे, हे मुलाने ज्याचे त्याने शोधायचे.

मुले मैदानावर कशासाठी येतात?

मोठ्यांना वाटते, मुले जिंकायला येतात. मुलांना विचारले तर उत्तरे वेगळी मिळतात. मित्र आहेत म्हणून, मजा येते म्हणून, काहीतरी नवे जमू लागले म्हणून. जिंकणे त्यांनाही आवडतेच, पण फक्त जिंकण्यासाठी रोज पहाटे पाचला उठणारे मूल विरळा.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या आतून येणाऱ्या प्रेरणेवर अनेक दशके काम केले. त्यांच्या मांडणीनुसार कोणत्याही कामात मन टिकायला तीन गोष्टी लागतात. हे मी माझ्या इच्छेने करतो आहे, हे मला जमते आहे आणि इथे मी कोणाचा तरी आहे, या त्या तीन भावना. संध्याकाळी गल्लीत टेनिस बॉलने खेळणाऱ्या मुलांकडे पाहा. नियम त्यांचेच, भांडणे त्यांची आणि मिटवणारेही तेच. तिथे या तिन्ही गोष्टी आपोआप असतात. म्हणून अंधार पडला तरी मुले घरी जात नाहीत.

तेच मूल अकादमीत गेले की काय खेळायचे, किती वेळ खेळायचे, कोणत्या क्रमांकावर खेळायचे हे दुसरे ठरवतात. त्यात वावगे काही नाही, शिस्तीशिवाय कौशल्य येत नाही. पण शिस्तीबरोबर ‘तुला जमत नाही’ हे रोज ऐकावे लागले आणि सोबतचे मित्र केवळ प्रतिस्पर्धी होऊन बसले, तर तिन्ही आधार एकदम निसटतात. उरते ती ठरल्या वेळेची हजेरी. पुढे दहावीचे वर्ष आले की खेळ सुटतो. घरचे म्हणतात, अभ्यासामुळे सोडला. पुष्कळदा मनातून तो आधीच सुटलेला असतो आणि दहावी हे सांगण्याजोगे कारण मिळते.

ओरडल्याने खेळ सुधारतो का?

चांगला सराव झालेली हालचाल शरीर जवळजवळ आपोआप करते. सायकल चालवताना आपण पॅडलचा विचार करत नाही, तसेच. ‘चुकलास तर बघ’ हे डोक्यात असले की मुलाचे लक्ष चेंडूवरून हटून स्वतःच्या हातापायांवर जाते. हात बरोबर आहे ना, पाय बरोबर पडला ना, सर बघतायत ना? मग लय तुटते आणि नेमकी तीच चूक होते. सरावात उत्तम खेळणारा मुलगा सामन्यात ‘गळपटतो’ तो बहुधा असा. त्यावर आणखी ओरडणे म्हणजे ज्या कारणाने चूक झाली तेच कारण वाढवणे.

चुकीनंतरची दहा सेकंदे इथे महत्त्वाची ठरतात. कबड्डीच्या चढाईत बोनस घेताना मुलाचा मागचा पाय जमिनीला टेकला आणि गुण गेला. एक प्रशिक्षक ओरडतो, ‘झोपला होतास का? डोकं कुठं होतं?’ दुसरा म्हणतो, ‘मागचा पाय टेकला म्हणून बोनस गेला. पुढच्या चढाईत तो पाय हवेत ठेवूनच परत फिर.’ दोघेही चूक दाखवतात. दुसऱ्याचा आवाजही चढा असू शकतो. फरक इतकाच की, पहिल्याकडून मुलाला स्वतःबद्दलचा शेरा मिळतो आणि दुसऱ्याकडून पुढच्या चढाईसाठी काहीतरी उपयोगी.

हा फरक किती मोठा आहे, याचा पुरावा अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातील रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल यांच्या कामातून मिळतो. मुलांच्या बेसबॉल संघांना शिकवणाऱ्या काही प्रशिक्षकांना त्यांनी अवघे काही तासांचे प्रशिक्षण दिले. प्रयत्नाला दाद द्या, चूक झाल्यावर धीर देऊन सुधारणा सांगा, शिक्षा आणि टोमणे टाळा, एवढाच त्याचा गाभा. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले ते असे : प्रशिक्षण न घेतलेल्या प्रशिक्षकांच्या संघांतील २६ टक्के मुले पुढच्या हंगामात परत आली नाहीत. प्रशिक्षण घेतलेल्यांकडे हे प्रमाण ५ टक्के होते. सामने जिंकण्या-हरण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणजे मुले हरण्यामुळे जात नव्हती. हरल्यावर जे वाट्याला येत होते त्यामुळे जात होती.

हा अभ्यास एका देशातला, एका खेळातला आणि छोटा आहे, हे खरे. पण आपल्या मैदानांवर दहा मिनिटे उभे राहिले तरी त्यातले काहीच परके वाटत नाही.

पण आचरेकर सरांनीही थप्पड मारली होतीच ना?

या विषयावर बोलू लागले की हा प्रश्न येतोच. सचिन तेंडुलकरने स्वतः अनेकदा सांगितलेला किस्सा आहे. रमाकांत आचरेकर सरांनी त्याच्यासाठी सराव सामना ठरवलेला असताना तो शाळेच्या मोठ्या संघाचा हॅरिस शिल्डचा अंतिम सामना पाहायला वानखेडेवर गेला. सरांनी तिथेच थप्पड दिली आणि दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवण्यापेक्षा लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असे खेळ, अशा अर्थाचे सुनावले. सचिन हा प्रसंग कृतज्ञतेनेच सांगतो. त्यामुळे हात उगारणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाला तो आयता दाखला मिळाला आहे.

या गोष्टीचा दुसरा भाग दाखला देताना गळतो. आचरेकर सर त्या मुलाला स्कूटरवर बसवून एका मैदानातून दुसऱ्या मैदानात नेत, जेणेकरून त्याला दिवसात जास्तीत जास्त खेळायला मिळावे. सरावाच्या शेवटी दमलेल्या सचिनच्या यष्टीवर ते रुपयाचे नाणे ठेवत. बाद करणाऱ्याला नाणे, बाद न झाल्यास सचिनला. अशी जिंकलेली १३ नाणी त्याने जपून ठेवली आहेत. सर ‘चांगला खेळलास’ कधीच म्हणाले नाहीत, हेही त्याने २०१३ मधील निरोपाच्या भाषणात सांगितले. पण ज्या माणसाने आपल्यासाठी दिवसच्या दिवस खर्ची घातले, त्याने तोंडाने कौतुक केले नाही तरी मुलाला आपली किंमत कळत होती. नाण्याचा तो खेळ तर दडपणाचाच सराव होता. त्यात अपमान नव्हता, आव्हान होते.

दुसरे असे की, ही गोष्ट आपल्याला सांगतो तो सचिन तेंडुलकर आहे. थप्पड खाऊन जी मुले दुसऱ्या दिवशी मैदानावर आलीच नाहीत, त्यांना आत्मचरित्र लिहा म्हणून कोणी सांगत नाही. तालमीतल्या वस्तादांच्या कठोरपणाच्या कथांचेही तेच. कडक वस्तादाच्या हाताखाली घडलेला पैलवान गावभर दिसतो, कंबरेत दुखापत लपवून घरी परतलेला पोरगा दिसत नाही. जे टिकले त्यांच्यावरून पद्धत बरोबर ठरवायची, तर जे गेले त्यांचीही मोजदाद करावी लागेल. ती आपण कधी केलेली नाही.

मुंबई क्रिकेटचा ‘खडूसपणा’ हा अभिमानाचा विषय आहे, आणि असावाच. विकेट फेकायची नाही, हातचा सामना सोडायचा नाही, ही सवय मुलांना लावायलाच हवी. अवघड सराव, स्पष्ट बोलणे, चुकीला चूक म्हणणे यांना कोणाचा विरोध नाही. खडूस होणे म्हणजे खेळात तडजोड न करणे. १२ वर्षांच्या मुलाला चारचौघांत घालूनपाडून बोलण्याशी त्याचा संबंध नाही.

घाई कशाची आहे?

आपल्याकडे बारा वर्षांखालच्या मुलांच्याही स्पर्धा होतात, निवड होते, वर्तमानपत्रात फोटो येतात. या वयातली निवड प्रत्यक्षात काय निवडते, हे पाहायला हवे. समजा, वयोगटाची तारीख १ जानेवारी आहे. एकाच गटात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला अशी दोन मुले आहेत. दोघांत जवळपास वर्षाचे अंतर. दहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा तो दहावा हिस्सा झाला. थोरला उंच असतो, जोरात धावतो, म्हणून निवडला जातो. निवडला गेल्यामुळे त्याला चांगला प्रशिक्षक आणि जास्त सामने मिळतात, मग तो खरोखरच चांगला खेळू लागतो. कॅनडातील आइस हॉकीत हा प्रकार १९८०च्या दशकात प्रथम लक्षात आला, नंतर तो कितीतरी खेळांत दिसला. त्यात भर पडते वयात येण्याच्या वेळेची. कोणाला बाराव्या वर्षी मिसरूड फुटते, कोणाला पंधराव्या. आपण ज्याला ‘टॅलेंट’ म्हणून निवडतो, तो पुष्कळदा फक्त लवकर वाढलेला मुलगा असतो.

वयचोरीचे मूळही इथेच आहे. राहुल द्रविडने डिसेंबर २०१५ मध्ये पतौडी व्याख्यानात या दुखण्यावर नेमके बोट ठेवले होते. वय लपवले की प्रामाणिक मुलाची जागा जाते. शिवाय ज्याचे वय लपवले त्यालाही कळते की, आपले पालक आणि सर आपल्यासाठी खोटे बोलत आहेत. खेळाने चारित्र्य घडते असे म्हणणाऱ्यांनी मुलाला शिकवलेला हा पहिला धडा असतो.

घाईचा फायदा होतो का? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनात सहा हजारांहून अधिक खेळाडूंची माहिती तपासली गेली. त्यात ७७२ जण जागतिक दर्जाचे होते. कुमारवयात चमकलेल्यांनी मुख्य खेळ लवकर सुरू केला होता आणि त्यातच भरपूर सराव केला होता. पण मोठेपणी जगात अव्वल ठरलेल्यांची वाट उलटी होती. लहानपणी त्यांनी जास्त खेळ खेळले, मुख्य खेळाकडे उशिरा वळले आणि सुरुवातीला त्यांची प्रगती संथ होती. स्वतः जेमिमा लहानपणी महाराष्ट्राच्या वयोगट संघाकडून हॉकीही खेळली आहे.

आपल्या मातीतले उदाहरण आणखी बोलके आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला. धावण्याच्या स्पर्धांकडे तो वळला तो सैन्यात गेल्यावर, २०१५ मध्ये. स्टीपलचेस तर त्याहून नंतर. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याला रौप्य मिळाले, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. बाराव्या वर्षीच्या निवड चाचणीवर सारे ठरले असते तर तो कुठे असता? कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत आला आणि पॅरिसमध्ये ऑलिम्पिक कांस्य जिंकले तेव्हा तो २८ वर्षांचा होता. मधली पंधरा वर्षे त्याला कोणीतरी टिकवून ठेवले. खरे श्रेय त्या टिकवण्याला आहे.

एका विक्रमानंतर काय होते?

जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. वय १५, वडील रिक्षाचालक. दोन दिवसांत साऱ्या जगात नाव झाले. मुंबई क्रिकेट संघटनेने दरमहा १० हजार रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. पुढे धावा होईनात आणि २०१७ मध्ये ही शिष्यवृत्ती थांबवावी, असे कुटुंबानेच संघटनेला कळवले. त्या कुटुंबाचा प्रामाणिकपणा मोठाच. पण एका खेळीनंतर पंधरा वर्षांच्या मुलावर सगळ्या देशाची अपेक्षा लादताना आपल्याला काहीच वाटले नाही, हेही आठवायला हवे. त्या खेळीची बातमी आपण सगळ्यांनी दिली आणि वाचली. त्यानंतर प्रत्येक डावाला त्या १००९ धावांच्या शेजारी उभे राहायचे होते ते त्या मुलाला.

खेळाडू ही मुलाची एकमेव ओळख झाली की धोका वाढतो. दुखापत झाली, निवड हुकली, फॉर्म गेला की, खेळाबरोबर स्वतःच हरवल्यासारखे वाटते. निवासी अकादम्यांत हे जास्त जाणवते, कारण तिथे मित्र, शाळा, झोप, जेवण सारे खेळाभोवती बांधलेले असते. यावर उपाय अवघड नाही. मुलाच्या आयुष्यात खेळाशिवाय काहीतरी शिल्लक ठेवायचे. शाळेतले मित्र, एखादे वाद्य, सुट्टीत मामाचे गाव. अमेरिकन अकादमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना मुलांना आठवड्यातून एक-दोन दिवस आणि वर्षातून एकूण तीन महिने आपल्या मुख्य खेळापासून विश्रांती द्यावी असे सुचवते. दिवाळीच्या सुट्टीतही शिबिर लावणाऱ्या पालकांनी हे वाचायला हवे.

पालकांच्या मनात काय असते?

पालकांना दोष देणे सोपे आहे. किट, फी, प्रवास, खुराक, बाहेरगावच्या स्पर्धा, हा खर्च मध्यमवर्गीय घरालाही जड जातो. शेतकरी घरातून मुलगा तालमीत ठेवला तर दूध, तूप आणि बदामाचा हिशेब दर महिन्याला पुढे उभा राहतो. दहावी-बारावीला मिळणारे क्रीडा सवलतीचे गुण, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी असलेले ५ टक्के आरक्षण, पोलीस आणि सैन्य भरती, यामुळे गावाकडे खेळ ही चैन नसून नोकरीची वाट असते. अशा घरात मुलाचा पराभव हा घराचा तोटा वाटतो. मुलालाही ते माहीत असते. ‘तुझ्यासाठी आम्ही काय काय केलं’ हे वाक्य न उच्चारता त्याला ऐकू येते.

हे दडपण पूर्ण काढता येणार नाही. पण सामन्यानंतर घरी परततानाचा अर्धा तास पालकांच्या हातात असतो. मोटारसायकलवर मागे बसलेल्या मुलाला तो कसा बाद झाला हे सांगायची गरज नसते, ते त्याला तुमच्यापेक्षा चांगले माहीत असते. ‘भूक लागली का?’ एवढे विचारले तरी पुरते. चुकीवर बोलायचेच तर दुसऱ्या दिवशी, आणि शक्यतो सरांनी. मैदानाबाहेरून सूचना देणारे वडील आणि मैदानात सूचना देणारे सर, या दोघांच्या मध्ये मुलाची फरफट होते. निकालाआधी त्याच्या मनात घराची भीती नसली, तर तो खेळावर लक्ष देऊ शकतो.

मुलींचे मैदान लवकर का सुटते?

मुलींच्या बाबतीत या सगळ्यात आणखी भर पडते. वयात येताना शरीर बदलते, पाळी सुरू होते आणि नेमका त्याच वेळी खेळही गंभीर होऊ लागतो. मैदानावर स्वच्छ स्वच्छतागृह नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, सर पुरुष असल्याने पोटात दुखतेय हे सांगता येत नाही. मग मुलगी ‘ताप आला होता’ सांगते आणि सराव चुकवल्याबद्दल बोलणी खाते. सराव संपेपर्यंत अंधार पडतो, एसटी निघून जाते, घरचे म्हणतात, आता बस झाले. याला कोणी मानसिक कमकुवतपणा म्हणत असेल तर त्याने एकदा त्या मैदानावरचे स्वच्छतागृह पाहून यावे.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारतीय महिला संघ महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली विजेता ठरला. अशा मुली येतात कुठून? खो-खो, कबड्डीच्या जुन्या मंडळांतून. जिथे ताई आहेत, मोठ्या मुली धाकट्यांना घरी सोडतात, आई-वडिलांना सरांचे घर माहीत असते. तिथला आपलेपणा कोणत्याही मानसशास्त्राच्या पुस्तकातून आलेला नाही, पण मुली टिकतात त्या त्यामुळेच.

सगळा दोष प्रशिक्षकांचाच का?

मुळीच नाही. शाळेतला क्रीडाशिक्षक कधी जनगणनेला, कधी निवडणुकीला जुंपला जातो, त्याचा पीटीचा तास गणिताला दिला जातो. कंत्राटी प्रशिक्षकाला पुढच्या वर्षी काम मिळेल की नाही हे पदकांवर ठरते. खासगी अकादमीत पालक ‘आमचा मुलगा टीममध्ये का नाही?’ म्हणून दारात उभे असतात. ज्याच्या स्वतःच्या डोक्यावर निकालाची टांगती तलवार आहे, तो ती मुलांच्या डोक्यावर धरणार, हे ओघाने आलेच. त्याने जसे शिकले तसेच तो शिकवतो. कारण वेगळे कसे शिकवावे, हे त्याला कोणी दाखवलेले नसते.

म्हणून मागणी करायची ती यंत्रणेकडे. प्रशिक्षकाचे मूल्यमापन पदकांबरोबर एका साध्या आकड्यावरही व्हावे. गेल्या वर्षी तुमच्याकडे आलेली किती मुले यंदा परत आली? हा आकडा कोणत्याही जिल्हा क्रीडा कार्यालयाला वहीत मांडता येईल. त्याला पैसे लागत नाहीत. मुलांशी बोलण्याचे, धीर देण्याचे, दुखापत ओळखण्याचे काही तासांचे प्रशिक्षण वर्षातून एकदा सक्तीचे व्हावे. नॉर्वेने १९८७ पासून मुलांच्या खेळासाठी राष्ट्रीय नियम केले आहेत. तिथे साधारण अकरा वर्षांच्या आतील मुलांच्या स्पर्धांत क्रमवारी आणि निकालाच्या याद्या लावत नाहीत. तरीही जेमतेम ५५ लाख लोकसंख्येच्या या देशाने २०१८ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ३९ पदके जिंकली. त्यांचे सारेच इथे उचलून आणता येणार नाही, पण बारा वर्षांखालच्या राज्य स्पर्धा कशासाठी, असा प्रश्न तरी विचारता येईल.

कायदा काय सांगतो?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. वर्गात छडी मारली तर बातमी होते. त्याच मुलाला संध्याकाळी खासगी अकादमीत कान धरून मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावले, तर ती शिस्त म्हणून खपते. लैंगिक छळाच्या बाबतीत २०१२ चा पोक्सो कायदा सर्वत्र लागू आहे आणि असा गुन्हा माहीत असूनही पोलिसांना न कळवणे हाही त्यानुसार गुन्हाच आहे. क्लबचे किंवा अकादमीचे नाव खराब होईल म्हणून गप्प बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. केंद्राच्या २०२५ च्या क्रीडा प्रशासन कायद्यात अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी धोरणाची तरतूद आहे. ते धोरण राष्ट्रीय संघटनांच्या कार्यालयात न थांबता गल्लीतल्या अकादमीच्या फाटकापर्यंत पोहोचते का, यावर त्याचे यश ठरेल.

पालकांनी काय पाहावे, काय विचारावे?

सामन्याच्या दिवशीच नेमके पोट दुखणे, झोप उडणे, दुखापत लपवणे किंवा उलट सतत काहीतरी दुखतेय म्हणणे, एकेकाळी आवडणाऱ्या सरांचे नाव काढताच गप्प होणे, या गोष्टी आठवड्यांमागून आठवडे दिसल्या तर ‘नाटक करतो’ म्हणून सोडून देऊ नये. आधी मुलाशी बोलावे, गरज वाटल्यास डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे जावे. मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. मूल संकटात असेल तर चाइल्डलाइन १०९८.

आणि अकादमीत फी भरण्याआधी पाच प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षीची किती मुले यंदाही येतात? चूक झाली तर इथे काय शिक्षा असते? मुलींसाठी महिला प्रशिक्षक किंवा सहायक आहे का? तक्रार करायची झाल्यास प्रशिक्षकाव्यतिरिक्त कोणाकडे करायची? आणि पालकांना सराव पाहायला कधीही येता येते का? ज्या प्रशिक्षकाला हे प्रश्न आवडत नाहीत, त्याच्याकडे मूल ठेवण्याआधी पुन्हा विचार करावा. जो खुर्ची पुढे करून ‘बसा, आजचाच सराव बघा’ म्हणतो, त्याची फी दोनशे रुपयांनी जास्त असली तरी हरकत नाही.